शेजारचा रॉटवायलर, मुलाच्या हनुवटीला चार टाके, आणि सोसायटीचा ‘मोठे कुत्रे बंद’ ठराव

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. वाकडची सोसायटी, सातवा मजला, शेजारच्यांकडे तीन वर्षांचा रॉटवायलर. मागच्या महिन्यात लिफ्टचं दार उघडलं, आतून कुत्रा एकदम पुढे झेपावला, आठ वर्षांचा मुलगा घाबरून मागे सरकला आणि जिन्याच्या रेलिंगवर आपटला, हनुवटीला चार टाके पडले. कुत्रा चावलेला नाही. शेजारी म्हणतात ‘तो खेळायला आला होता, चावला का? नाही ना?’ तेव्हापासून मुलगा दप्तर घेऊन सात मजले जिन्यानेच चढतो. आता चेअरमन साहेबांनी ठराव लिहून आणलाय, रॉटवायलर, पिटबुल, जर्मन शेफर्ड सोसायटीत चालणार नाहीत, आहेत त्यांनी महिन्यात बाहेर काढायचे, कुत्र्यांना लिफ्ट बंद, नाहीतर रोज 5000 रुपये दंड. ताई कमिटीत खजिनदार आहेत म्हणून नोटिशीवर त्यांचीही सही हवीय. त्यांचा प्रश्न असा की सरकारने 23 जातींवर बंदी घातलीय ना, मग पोलीस येऊन कुत्रा नेणार नाहीत का, आणि मी सही करू का?

सही करू नका. आणि शेजाऱ्यालाही सोडू नका. ही दोन वेगळी कामं आहेत आणि चेअरमन साहेबांनी त्यांची खिचडी केलीय.

आधी त्या 23 जातींचं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ते पत्र अजून फिरतंय आणि दर दोन महिन्यांनी कोणीतरी मला पाठवतं. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 ला राज्यांना पत्र लिहिलं होतं की या जातींची आयात, ब्रीडिंग, विक्री बंद करा आणि जे आधीच लोकांच्या घरी आहेत त्यांची नसबंदी करा. नीट वाचलं तर तेव्हाही तुमच्या शेजाऱ्याचा कुत्रा उचलून न्या असं त्यात कुठेही नव्हतं. वरून ती यादीसुद्धा घाईत केलेली, तोसा नावाचा कुत्रा दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आलाय, आणि एका ठिकाणी नुसतंच ‘टेरियर’ लिहिलंय, म्हणजे पर्समध्ये मावणारा यॉर्कीसुद्धा त्यात येतो की! जर्मन शेफर्ड मात्र त्या यादीत नव्हताच, तो चेअरमन साहेबांनी स्वतःच्या मनाने घातलाय. असो. कर्नाटक हायकोर्टाने 10 एप्रिल 2024 ला ते पत्रक रद्द केलं, संबंधित लोकांचं म्हणणं न ऐकताच काढलं म्हणून, आणि त्याच महिन्यात दिल्ली हायकोर्टातही ते रद्द झालं, नंतर केंद्राने लोकांकडून हरकती मागवल्या. तेव्हा त्या पत्राचा प्रिंटआउट घेऊन चौकीत गेलात तर फार तर चहा मिळेल.

लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये हं. 2022 मध्ये लखनौला घरच्याच पिटबुलने घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मारलं, 2024 मध्ये गोव्यात हणजुणेला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. अशा बातम्या वाचल्यावर लिफ्टमध्ये 45 किलोचा काळा कुत्रा समोर आला तर कोणाच्याही पोटात गोळा येईल. आणि सरकारला कायदा करून जातींवर बंदी घालताच येत नाही असंही नाही, इंग्लंडने 1991 पासून घातलीय, 2023 च्या शेवटी त्यात एक्सएल बुली वाढवला. पण तो संसदेने केलेला कायदा आहे. तुमच्या क्लबहाऊसमध्ये वीस-पंचवीस जणांनी हात वर करून झालेला ठराव म्हणजे कायदा नाही.

ठरावाचं म्हणाल तर केंद्राच्या पशु कल्याण मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात. बहुमत असो की एकमत, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, छोटा चालेल मोठा नको असा भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. या सूचना आहेत, विधानसभेने केलेला कायदा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण तुमच्या चेअरमनचा वकील पहिलं वाक्य हेच बोलेल. पण कोर्टं त्या गंभीरपणे घेतात, केरळ हायकोर्टाने 2021 मध्ये सोसायट्यांच्या ‘नो पेट्स’ कलमांना बेकायदा ठरवलं तेव्हाही मुद्दा हाच होता. शेजारी उद्या सहकार न्यायालयात गेला, नाहीतर उपनिबंधकांकडे अर्ज टाकला, तर ठराव टिकणं अवघड, वकिलाची फी जाईल सोसायटीच्या फंडातून, आणि फंडाच्या हिशोबावर सही कोणाची? तुमची. रोज 5000 दंडाचं तर विसराच, दंड लावायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेपुढे विषय, आणि रक्कम उपविधीत ठरलेल्या मर्यादेत, रोजच्या मीटरने दंड चालत नाही. मीटिंगमध्ये शांतपणे सांगा की माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. तेवढं पुरे, भाषण नको.

पण खरं सांगू का ताई, या ठरावाचा सगळ्यात मोठा तोटा तुम्हालाच आहे. आत्ता विषय तुमच्या मुलाच्या हनुवटीचा आहे. ठराव झाला की विषय होणार ‘प्राणीप्रेमी विरुद्ध कमिटी’, बी विंगमधल्या लॅब्रॅडॉरवाल्या काकूसुद्धा शेजाऱ्याच्या बाजूने उभ्या राहणार, आणि जो माणूस निष्काळजीपणे वागला तो बिचारा पीडित होऊन बसणार. कायदा कुत्र्याची जात विचारत नाही, पट्टा कोणाच्या हातात होता आणि कसा होता ते विचारतो, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

तुम्ही पत्रात एक ओळ अगदी सहज लिहून पुढे गेलायत, माझ्या मते सगळी केस त्या ओळीत आहे. कुत्र्याला घरकामाच्या मावशी खाली नेत होत्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातात ती बटणवाली दोरी, जी आपोआप लांब होते. आता विचार करा, 45 किलोचा कुत्रा, पन्नाशीच्या मावशी, त्यांचंही वजन फार तर तेवढंच असेल, बटण दाबलेलं नाही म्हणजे दोरी चार-पाच मीटर सुटू शकते, आणि लिफ्टचं दार उघडताना समोर कोण उभंय ते दिसत नाही. याला अपघात म्हणत नाहीत. मावशींवर चिडू नका, त्यांना पगार भांडी आणि लादीचा आहे, एवढा मोठा कुत्रा त्यांच्या हातात देणारा मालक जबाबदार आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम 291 (आयपीसीचं जुनं 289) नेमकं यासाठीच आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असेल आणि तो टाळायला पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात ‘चावला पाहिजे’ अशी अटच नाही. शेजारी जे ‘चावला का’ म्हणतोय ना, त्याचं उत्तर हे. जोडीला कलम 125, बेदरकारपणे किंवा हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं आणि त्यातून दुखापत होणं. त्यांचा वकील म्हणणार की मूल स्वतःच मागे पडलं, आणि ‘गंभीर दुखापतीचा संभव’ कुठे होता, हा वाद होणार हे आत्ताच सांगते, म्हणून याआधी तो कुत्रा आणखी कोणावर धावला होता का ते शोधा. तुम्ही लिहिलंय की डिलिव्हरीवाला मुलगा एकदा पार्सल टाकून पळाला होता, वॉचमनने बघितलंय. वॉचमनकडून साध्या कागदावर लिहून घ्या. स्वभाव माहीत असूनही मालकाने काळजी घेतली नाही हे दिसलं की त्याची बाजू लुळी पडते, नुकसानभरपाईच्या दाव्यातही.

कोर्टात काय होतं ते मुंबईच्या दोन केसेसवरून सांगते. 2010 मध्ये नेपियन सी रोडला प्रॉपर्टीच्या भांडणात मालकाने गाडीचं दार उघडलं आणि रॉटवायलर बाहेर येऊन 72 वर्षांच्या नातेवाइकाला चावला, मालकाला तीन महिने शिक्षा झाली. वरळीला 2018 मध्ये एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते, मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा म्हणाले, शेजारी ऐकेना, कुत्र्याला ओढत आत घुसला आणि तो त्या गृहस्थांना चावला, चार महिने शिक्षा. ही वरळीची केस तुमच्या लिफ्टला अगदी लागू आहे, आणि गंमत बघा, तो कुत्रा हस्की होता, 23 च्या यादीत नसलेला. पण निकाल कधी लागले? पहिल्याचा 2023 मध्ये, दुसऱ्याचा 2025 मध्ये. तोपर्यंत तुमचा मुलगा कॉलेजला जाईल. म्हणून फौजदारी तक्रार हातात ठेवायची, पण भरवसा सगळा तिच्यावर टाकायचा नाही.

तर करायचं काय. सीसीटीव्ही आजच. आज म्हणजे आजच, बहुतेक सोसायट्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तुम्ही कमिटीत आहात तर सेक्रेटरींना मेल करून लॉबीचं फुटेज वेगळं काढून ठेवायला सांगा आणि त्या मेलची कॉपी ठेवा. टाक्यांचे पेपर, डॉक्टरांचं बिल, जखमेचा तारखेसकट फोटो. मग पोलीस स्टेशनला लेखी तक्रार, दोन प्रती, एकीवर पोच. ते बहुतेक एनसी (म्हणजे अदखलपात्र नोंद) लिहून ‘मॅडम आपसात मिटवा’ म्हणतील, तेव्हा सांगायचं की 291 दखलपात्र आहे, एफआयआर होऊ शकतो, नसेल घ्यायचा तर तक्रार पोस्टाने वरिष्ठांना पाठवेन. आवाज न चढवता. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजचं लसीकरण चालू आहे का तेही माहितीच्या अधिकारात विचारा, निम्म्या लोकांकडे नसतंच आणि तिथेच त्यांचा ताठा उतरतो.

यानंतरची पायरी फार कमी लोकांना माहीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, पूर्वीचं सीआरपीसी 133. उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत, किंवा कार्यकारी दंडाधिकारी, यांना धोकादायक प्राण्याला बंदिस्त ठेवा किंवा त्याची दुसरीकडे व्यवस्था करा असा सशर्त आदेश काढता येतो. कायद्यात ‘नष्ट करा’ असाही शब्द आहे, पण तिकडे जाऊ नका, तुम्हालाही ते नकोय हे पत्रावरून दिसतंय. हा आदेश त्या एका कुत्र्यापुरता, त्याच्या वागणुकीच्या पुराव्यावर असतो आणि मालकाला म्हणणं मांडायची संधी मिळते. चेअरमनना जे ठरावाने करायचंय त्यातलं जेवढं कायद्यात बसतं तेवढं इथे मिळू शकतं. पण एका घटनेवर प्रांत लगेच आदेश काढतीलच असं नाही, म्हणून हा अर्ज दुसऱ्या घटनेसाठी तयार ठेवा, देव करो ती न घडो.

त्याआधी शेजाऱ्याला बसवून हमीपत्र घ्या, माझा सगळा भर यावरच आहे. मुसक्याची सक्ती सोसायटीने करू नये असं त्या पशु कल्याण मंडळाच्या सूचनांत आहे, पण मालकाने स्वतः कबूल करून लिहून दिलं तर कोण अडवतंय! लिहून काय घ्यायचं ते सांगते: घरातलाच मोठा माणूस कुत्रा नेईल, मावशी नाहीत, आखूड पक्का पट्टा, बटणवाली दोरी बंद, लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या फेरीने जायचं आणि मजला आला की कुत्रा मागे, माणूस पुढे, लिफ्ट-लॉबीत मुसकं, परवाना आणि लसीची कॉपी सोसायटीत जमा, आणि टाक्यांचा खर्च. त्याला सांगा की हे दिलंस तर तक्रार पुढे रेटणार नाही, आणि मोडलंस तर हाच कागद प्रांतांसमोर ठेवेन. दहापैकी आठ जण सही करतात हो, त्यांनाही कुत्रा घरात ठेवायचा असतो. पट्टा आणि स्वच्छतेचे नियम सगळ्याच पाळीव प्राण्यांना सारखे लावणारा ठराव सोसायटीने जरूर करावा, त्यावर बिनधास्त सही करा.

अजून एक, तुम्ही विनोद म्हणून लिहिलंय पण मला तो विनोद वाटला नाही. ग्रुपवर कोणीतरी टाकलंय ना, ‘बिस्किटातून काहीतरी द्या, विषय संपवा’. प्राण्याला विष घालणं म्हणजे न्याय संहितेचं कलम 325, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने आणि त्या बिस्किटवाल्याला पाच वर्षं! तो मेसेज ग्रुपवर आहे, उद्या कुत्रा कशानेही आजारी पडला तरी स्क्रीनशॉट बाहेर येणार आणि पहिला संशय ज्यांच्या मुलाला लागलंय त्यांच्यावर. आजच त्याच ग्रुपवर तुमच्या नावाने लिहा की हे मला मान्य नाही, असं कोणी बोलूही नये.

शनिवारी मीटिंग आहे म्हणताय, तर हमीपत्राचा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठवा, मी बघून देते. फुटेजची पेनड्राईव्ह मीटिंगला नेऊ नका, कॉपी न्या, मूळ घरी ठेवा, आणि टाक्यांचे मूळ पेपर इन्शुरन्सवाल्यांना देण्याआधी त्यांची झेरॉक्स काढून घ्या.