डीलरने परत दिलेलं नाणं माझं नाही, हे सिद्ध कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचा १९११ सालचा, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया तुम्ही एका डीलरकडे विकायला ठेवला. भाव पटला नाही म्हणून दीड महिन्याने परत आणला, तर घरी आल्यावर लक्षात आलं की हे नाणं आपलं दिसत नाही. डीलर म्हणतो, हेच तुमचं. पावती नाही, मोबाइलवर काढलेले दोन फोटो तेवढे आहेत. काही करता येईल का?

येईल. मी स्वतः यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, परत आलेलं नाणं जसं आहे तसं ठेवा. पुसू नका, होल्डरमधून (नाणं ठेवायच्या पाकिटातून) काढू नका आणि होल्डरवर काही लिहिलेलं असेल तर तेही तसंच राहू द्या. मुख्य म्हणजे, डीलर "आणा इकडे, परत एकदा बघतो" म्हणाला तरी लेखी पोच घेतल्याशिवाय ते हातात देऊ नका. रागाच्या भरात माणूस ते नाणं काउंटरवर आपटून येतो आणि हातातला एकमेव पुरावा घालवून बसतो. शिवाय ते नाणं कदाचित दुसऱ्याच कुणाचं तरी असेल. याचं महत्त्व पुढे सांगतो.

आता फोटो. मूळ फोटो मोबाइलच्या गॅलरीत शोधा. व्हॉट्सॲपवरून आलेला-गेलेला फोटो दाबला जातो, बारीक खुणा पुसट होतात, म्हणून मूळ फाइल हवी. ती कापू नका, उजळू नका, तिची एक प्रत दुसरीकडे ठेवून द्या. मग परत आलेलं नाणं दिवसाउजेडी खिडकीशी घ्या आणि जुन्या फोटोत प्रकाश ज्या बाजूने पडलाय त्याच बाजूने पडेल असं धरून फोटो काढा. ही पायरी गाळू नका. चांदीचं नाणं प्रकाशाप्रमाणे चेहरा बदलतं. समोरून उजेड पडला तर मोठा ओरखडाही दिसत नाही आणि तिरका पडला तर केसाएवढी रेघही नाल्यासारखी दिसते. नाणं बदललं म्हणून कडाकडा भांडलेले आणि नंतर तेच नाणं निघालेले लोक मी पाहिलेत. तुमचं तसं होऊ नये.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नाण्यावर नवी खूण उमटू शकते, जुनी खूण आपोआप जात नाही. त्यामुळे आताच्या नाण्यावर एखादा ओरखडा आहे आणि जुन्या फोटोत नाही, याने काहीच सिद्ध होत नाही. तो डीलरच्या ट्रेमध्येही पडला असेल. पण जुन्या फोटोत राजाच्या गालावर खोच आहे आणि हातातल्या नाण्यावर तिथे गुळगुळीत गाल आहे, तर विषय संपला. झिजेचंही तसंच. फोटोतल्यापेक्षा नाणं जास्त झिजलेलं असेल तर दीड महिन्यात ते होत नाही, आणि कमी झिजलेलं असेल तर ते कधीच होत नाही. कडेवरच्या खाचा बघायला विसरू नका. पडून कड दबलेली असेल तर ती जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगता येते, "चार वाजता कड दबली आहे" अशी.

तुमच्या नाण्यात आणखी दोन जागा बघण्यासारख्या आहेत. १९११ चा रुपया गाजला तो राजाच्या झग्यावरच्या हत्तीमुळे. झग्यावर रुळणाऱ्या साखळीतला तो हत्ती आखूड सोंडेचा आणि आखूड पायांचा निघाला, लोकांना तो डुक्कर वाटला आणि मुसलमान समाजात संतापाची लाट उसळली. सरकारने नाणी थांबवून बहुतेक वितळवली आणि १९१२ च्या रुपयात हत्तीची सोंड नीट करून घेतली. म्हणूनच संग्राहक याला पिग रुपी म्हणतात आणि म्हणूनच याच्या अदलाबदलीचा मोह होतो. तो हत्ती राजाच्या छातीवर, म्हणजे नाण्याच्या उंच भागात आहे, त्यामुळे झीज तिथे लवकर कळते. तुमच्या फोटोत हत्तीचे पाय वेगवेगळे मोजता येत असतील आणि आता तिथे नुसता फुगवटा असेल, तर भिंगाचीही गरज नाही. दुसरी जागा मागच्या बाजूला तळाशी, फुलाच्या खाली. मुंबई टांकसाळीच्या रुपयावर तिथे बारीक उठावदार ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयावर नसतो. फोटोत ठिपका आणि नाण्यावर नाही, किंवा उलट, असं असेल तर दुसरं काही दाखवायची वेळच येणार नाही.

वजनही करा. ओळखीच्या सोनाराकडे जा, त्याच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन घ्या आणि काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढा. त्या काळच्या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. जुनं वजन तुमच्याकडे नसेल, पण डीलरशी झालेलं चॅट वर सरकवत जा. भाव करताना हे लोक बहुधा वजन, दर्जा, ठिपका आहे-नाही असं काहीतरी लिहितात. त्याने स्वतःच लिहिलेलं "११.६२, डॉट क्लिअर" असं एक वाक्य पावतीइतकं कामाला येतं. नाणं नकलीच आलंय अशी शंका असेल तर पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. ९१.७ टक्के चांदीचा, पूर्ण वजनाचा रुपया असेल तर काटा १.१३ च्या आसपास दाखवतो. १.३ च्या वर गेला तर ती चांदी नाही.

आता माझं.

माझ्याकडे पुण्याच्या टांकसाळीचा एक अंकुशी रुपया आहे, पेशवाईतला. वडिलांनी तो पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला तेव्हा मी सोबत होतो, सातवी-आठवीत असेन. हे रुपये शाह आलम बादशहाच्या नावाने पाडलेले, फारसी मजकुराचे, आणि त्यावर अंकुशाची खूण. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा उमटतो. हातोड्याचा घाव जसा बसेल तसा. टांकसाळीचं नाव बहुतेक वेळा चकतीच्या बाहेर गेलेलं असतं. आमच्या नाण्यावर ते जवळजवळ सगळं आलंय. शिवाय अंकुशाच्या टोकाशेजारी तांदळाच्या कणीएवढा एक गोल, खोल सराफी ठसा. कुणा सराफाने चांदी तपासताना मारलेला, एका बाजूने कड फुटलेला. मला ते नाणं त्या ठशाने माहीत होतं, जसा एखादा माणूस तिळाने माहीत असतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका डीलरने नाण्यांच्या प्रदर्शनात आपल्या टेबलावर मांडायला ते मागितलं. विकायला नाही, नुसतं मांडायला. ओळख पंधरा वर्षांची, चिठ्ठी मागायला संकोच वाटला. प्रदर्शन संपल्यावर त्याने होल्डर परत दिला, मी खिशात टाकून घरी आलो. रात्री अल्बममध्ये लावताना अंगठा सवयीने त्या ठशापाशी गेला आणि तिथे ठसा नव्हता. अंकुश होता, फारसी अक्षरं होती, वजनही जवळपास तेवढंच, पण टांकसाळीचं नाव अर्धं कापलेलं. मी ते चारदा उलटसुलट केलं. वडील तेव्हा हयात होते, शेजारच्या खोलीत झोपले होते. त्यांना मी तीन महिने काही सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर डीलर म्हणाला, "नाण्यावर काय नाव लिहिलंय का तुमचं?" मी चिडलो, आवाज चढला, चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. ती माझी चूक झाली. त्यानंतर तो मोकळेपणाने बोलूच शकत नव्हता. चूक कबूल करणं म्हणजे चोरी कबूल करणं, असं मीच करून ठेवलं होतं.

गाडी पुढे सरकली ती परत आलेल्या नाण्यामुळे. होल्डरच्या मागे पेन्सिलने एक आकडा आणि दोन अक्षरं लिहिलेली होती, माझ्या हस्ताक्षरात नव्हे. मी त्या नाण्याचे फोटो ओळखीच्या संग्राहकांना पाठवले आणि एवढंच विचारलं, हे कुणाचं? कोणावर आरोप नाही, डीलरचं नाव नाही. चौथ्या दिवशी साताऱ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. नाणं त्यांचं होतं. त्यांनी ते त्याच डीलरकडे जांगड ठेवलं होतं, म्हणजे विकलं तर पैसे, नाहीतर वस्तू परत. पेन्सिलची अक्षरं त्यांची. त्यांच्याकडे जांगडाची चिठ्ठी होती, वजनासकट.

आम्ही दोघे मिळून दुकान बंद व्हायच्या वेळेला गेलो. साताऱ्याच्या गृहस्थांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, मी माझ्या नाण्याच्या जुन्या फोटोची मोठी छापील प्रत ठेवली, ठशाभोवती लाल गोल केलेली. कुणी आवाज चढवला नाही. डीलर बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की प्रदर्शनात गर्दीत मदतनिसाने माझं नाणं विकलं आणि ते झाकायला जांगडातलं दुसरं नाणं होल्डरसकट मला दिलं गेलं. आम्ही तिथेच त्याच्याकडून लेखी घेतलं: कोणतं नाणं कुणाचं, किती दिवसांत परत आणणार, नाही आणलं तर किती रक्कम. साताऱ्याचं नाणं त्या गृहस्थांनी माझ्याकडून सही करून नेलं.

माझं नाणं चार महिन्यांनी आलं. सराफी ठसा जागेवर, टांकसाळीचं नाव तसंच. पण मधल्या मालकाने ते कशाने तरी धुऊन लख्ख केलं होतं. सव्वादोनशे वर्षांची काळसर झाक गेली, नाणं परवा पाडल्यासारखं पांढरं पडलंय. वडिलांनी ते हातात घेतलं, ठशावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आहे." एवढंच.

तुमच्याकडे वळतो. डीलरकडे जाण्याआधी घरात ठरवा की तुम्हाला नाणं हवंय की पैसे. हे न ठरवता गेलात तर तो पहिल्या पाच मिनिटांत एखादा आकडा बोलेल आणि तुम्ही त्या आकड्यावर घासाघीस करत बसाल. आजोबांचं नाणं हवं असेल तर आकडा ऐकूनच घेऊ नका; आधी विचारा, माझ्यानंतर तुमच्याकडून १९११ चा रुपया कोणी नेला. पहिल्या भेटीत "बदललं" हा शब्द वापरा, "चोरलं" नको. होल्डरची गफलत खरोखर होते आणि प्रामाणिक माणसाला ती दुरुस्त करायला वाट ठेवली पाहिजे. पण त्याच रात्री झालेलं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: अमुक तारखेला नाणं दिलं, अमुक तारखेला हे परत आलं, फरक हे, आठ दिवसांत उत्तर द्या. पावती नसली तरी तुमच्या नाण्याबद्दल झालेलं आधीचं चॅट आणि हा निरोप मिळून साखळी तयार होते.

उत्तर आलं नाही तर हाच मजकूर कागदावर, सहीनिशी, स्पीड पोस्टाने. त्यापुढे वकील. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो, फसवणूक कलम ३१८ खाली. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुनी दंड संहिता लागते. सांभाळायला दिलेली वस्तू तीच परत करण्याची जबाबदारी १८७२ च्या करार कायद्यातही आहे. तो दलाली घेऊन नाणी विकून देत असेल तर ती सेवा आहे असं म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, मुदत दोन वर्षं. मोबाइलमधले फोटो न्यायालयात मांडायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो मोबाइल विकू नका, रीसेट करू नका. पोलीस ठाण्यात नाण्याची अदलाबदल ऐकून हसण्यावारी नेतील, याची तयारी ठेवा. तिथे इतिहास सांगू नका, दोन फोटो शेजारी ठेवून गालावरची खोच दाखवा.

आणि शहरातल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळातल्या एखाद्या जुन्या, सगळ्यांना मान्य असलेल्या माणसाला दोन्ही फोटो दाखवून त्याचं मत लेखी घ्या. या धंद्यात माणसं मोजकी आहेत आणि डीलर कोर्टापेक्षा त्या माणसांना जास्त घाबरतो. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, फक्त तुम्ही तोवर कुणाची बदनामी केलेली नसावी.

उद्या सोनार उघडला की आधी वजन करून या. खिशात भिंग असू द्या आणि तिथल्या दिव्याखाली फुलाच्या खालचा तो ठिपकाही बघून घ्या.