मनाची ओपीडी: सर म्हणाले आकडा सांगा

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेतेय. नावं काढलीयत आणि गावंही थोडी इकडची तिकडे केलीयत, कारण आपल्याकडे वाडी आणि धंदा सांगितला की माणूस कोण ते चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत कळतं.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा सहावीत आहे, मराठी शाळा, दापोली तालुका. तोंडी विचारलं की सगळं येतं, कुठल्या तिथीला भरती कधी ते आजोबांबरोबर फिरून पाठ झालंय, पण लिहायला बसला की वही कोरी. सर म्हणतात आयक्यू टेस्ट करून आणा आणि आकडा सांगा. मिस्टर बोटीवर असतात, ते म्हणतात वेड्याच्या डॉक्टरकडे माझा पोरगा जाणार नाही. टेस्टमध्ये नक्की काय करतात? नापास झाला तर?

उत्तर: यात पास-नापास नसतंच हो. आणि मिस्टरांना आधी हे सांगा की सायकॉलॉजिस्ट गोळी, इंजेक्शन, शॉक यातलं काहीही देत नाही, तो अधिकारच आम्हाला नाही. औषधं देतात ते सायकियाट्रिस्ट, ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले असतात. आमचं काम बोलणं, बघणं, तपासणं आणि शिकवणं.

पहिल्या दिवशी बहुतेक वेळ तुमच्याशीच बोलण्यात जातो. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, तापात फिट आली होती का, बोलायला कधी लागला, शाळा बदलली का, मुंबईहून गावी आणून मधल्याच वर्गात घातला असं काही झालं का. घरात आणखी कुणाला लिहिण्यावाचण्याचा त्रास होता का हेही विचारतो, आणि इथे बरेचदा वडीलच हळूच सांगतात की मला पण शाळेत वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. तेव्हा मिस्टर समुद्रावरून आले की त्यांनाही घेऊन या. येण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचं दिसतच नसेल तर बाकी सगळ्या टेस्ट फुकट. आणि वह्या आणा, कोऱ्या असल्या तरी आणा, कोरी वहीसुद्धा बरंच सांगते.

मग टेस्ट. एका बैठकीत सगळं होत नाही, मूल दमलं की उत्तरं बिघडतात म्हणून दोन-तीन वेळा बोलावतात. बुद्धिमापनाची पहिली चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी केली, आणि ती केली कशासाठी तर शाळेत कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल ते शोधायला. हुशार आणि ढ असे दोन ढीग करायला नाही, हे तुमच्या सरांना माझ्यातर्फे सांगितलंत तरी चालेल. पुढे डॉ. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, तिला बिने-कामत म्हणतात, अजूनही वापरतात. त्यातले प्रश्न मात्र इथे छापणार नाही. हल्ली लोक यूट्यूबवर बघून पोरांकडून पाठ करून घेतात आणि मग येणारा आकडा मुलाचा नसतो, आईच्या मेहनतीचा असतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला आयक्यूपेक्षा पुढची तपासणी जास्त महत्त्वाची वाटते, लिहिणं-वाचणं-गणिताची. त्यासाठी बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेली बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात. ती करताना काय दिसतं ते सांगते. मागे असाच एक मुलगा होता, त्याने उताऱ्यातलं 'किनारा' 'करीना' वाचलं आणि स्वतःच हसला. जोडाक्षर आलं की गिळून पुढे, ओळ संपली की खालची सोडून तिच्या खालची, आणि पेन्सिल एवढी दाबलेली की मागच्या पानावर वळ. नंतर तोच उतारा मी मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले, तर फटाफट सगळी उत्तरं, वर एक जास्तीची माहिती. म्हणजे समजत होतं सगळं, अडत होतं ते फक्त अक्षरापाशी. हे जे 'कसं केलं' आहे ना, ते आम्ही रिपोर्टमध्ये लिहितो आणि माझ्या मते रिपोर्टमध्ये खरा माल तोच. आकडा एका ओळीत येतो. ९० ते १०९ म्हणजे सर्वसाधारण, एवढाच त्याचा अर्थ, आणि झोप झाली नसेल, ताप असेल, समोरच्या बाईची भीती वाटली असेल तर तोही हलतो. म्हणून सरांना नुसता आकडा देऊ नका, शिफारशींचं पान द्या.

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असून लिहिणं-वाचणं-गणित अडणं, निघालीच तर घाबरायचं कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही पण धरलीय. सर्टिफिकेट साधारण वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, मग ठरावीक टप्प्यांवर परत तपासणी. ते सरकारी यंत्रणेकडूनच घ्यायचं, खाजगी रिपोर्ट बोर्डाला चालत नाही, तेव्हा सुरुवात जिल्हा रुग्णालयातूनच करा, पैसेही वाचतील. बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त, लेखनिक वगैरे सवलती मिळतात, पण त्या दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करून नाही, आत्तापासून कागद तयार ठेवून.

आणि सवलत म्हणजे उपचार नव्हे. उपचार म्हणजे स्पेशल एज्युकेटरकडून रेमेडियल, म्हणजे अडलेलं भरून काढणारी, शिकवणी, रोज थोडी थोडी, महिनोन्महिने. अक्षर डोळ्याने, कानाने आणि हाताने असं तिन्हीकडून शिकवतात. तुमच्या दारात तर पुळण आहे, ओल्या वाळूत बोटाने 'क्ष' काढत मोठ्याने म्हणायचा, याला काडीचा खर्च नाही. यावर गोळी नाही, टॉनिक नाही, मेमरी वाढवायच्या पावडरी तर अजिबात घेऊ नका.

एक बाजूची गोष्ट. आपलं कोकण बोर्ड निकालात दरवर्षी राज्यात पहिलं, पेपरात फोटो येतात, मलाही बरं वाटतं. पण त्याच कौतुकापायी शाळांना एकही मूल मागे राहिलेलं चालेनासं झालंय आणि मग 'याचं काहीतरी करा' म्हणून पोर आमच्याकडे पाठवतात. तुमच्या सरांनी निदान पाठवलं तरी, वर्गात उभा करून हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने बोलते.

प्रश्न: मालवणजवळ आमचा मच्छीचा धंदा आहे. दीड वर्षं झालं, बायको मासे हाताळले की हात धूत बसते, साबणाची वडी दोन दिवसांत संपते, हातांना भेगा पडल्यायत. सारखं विचारते, 'माझे हात स्वच्छ आसत ना?' आई म्हणते भायरचां कायतरी आसा, गाऱ्हाणं घालून झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सायकॉलॉजिस्टकडे पण जा म्हणाले. गोळ्या चालू असताना नुसतं बोलायला कशाला जायचं?

उत्तर: नुसतं बोलायला नाही जायचं दादा, काम करायला जायचं. तुम्ही लिहिलंय ते ओसीडीसारखं दिसतंय, म्हणजे नको तो विचार परत परत येतो आणि तो शमवायला तीच कृती परत परत करावी लागते असा आजार, पक्कं निदान समोर बसूनच होईल. गोळ्या बंद करू नका, ओसीडीत त्यांचा परिणाम दिसायला अडीच-तीन महिनेही लागतात आणि लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

सायकॉलॉजिस्ट आधी दहा प्रश्नांचं एक माप घेतात, ४० पैकी त्रास किती ते कळतं, पुढे सुधारणा मोजायला तेच परत वापरतात. मग वहिनींनाच विचारून एक शिडी बनते, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. सगळ्यात खालची पायरी समजा, मासळीच्या धुतलेल्या रिकाम्या पाटीला बाहेरून बोट लावायचं आणि हात न धुता बसायचं. सायकॉलॉजिस्ट शेजारी बसतात, दर थोड्या वेळाने विचारतात की आता भीती शंभरात किती. ७० होते, ७५ होते, जीव कासावीस होतो, आणि न धुताच ती हळूहळू उतरायला लागते. भरतीचं पाणी जसं चढतं आणि कुणी न ढकलता उतरतं तसंच. हे शरीराला एकदा कळून भागत नाही, परत परत कळावं लागतं, म्हणून घरी रोज करायचं, मग पाटीतला बर्फ, मग एक बांगडा, असं वर वर. वरच्या पायरीवर एकदम नेणारा कोणी भेटला तर तिथून उठा. भेगा पडलेल्या हातांसाठी डॉक्टरांकडून मलम आणा, मिठाचा बर्फ लागला तर त्या दुखण्यानेच सगळं सोडून देतील.

यात तुमचं काम सगळ्यात कठीण. त्या विचारतात आणि तुम्ही प्रेमाने सांगता 'स्वच्छ आसत गो', त्या क्षणी बरं वाटतं आणि अर्ध्या तासाने प्रश्न परत हजर. तुमचं उत्तर आजाराला खुराक होतं. ते कसं बंद करायचं हे सेशनमध्ये दोघांनी मिळून ठरवतात, परस्पर आजच बंद करू नका, नाहीतर घरात भांडणं. जून-जुलैत मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्याला असतात तेव्हा तुम्हाला वेळ असेल, पण तेवढ्यासाठी थांबू नका, कारण त्या दिवसांत मासळीच कमी आणि सरावालाही मासळी लागणार!

आईंच्या गाऱ्हाण्याला माझी हरकत नाही. देवाला सांगून माणसाला धीर येत असेल तर सांगावं. फक्त त्यापायी गोळी चुकता कामा नये, आणि कुणी मारहाण, डांबून ठेवणं, मिरचीची धुरी असलं काही सुचवलं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

जवळ म्हणाल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोकांना फक्त भिंत आठवते, पण तिथे ओपीडी आहे, दाखवून संध्याकाळच्या एसटीने घरी येता येतं. आणि रात्रीबेरात्री फारच अस्वस्थ झालं तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न: मी हायस्कूलला शिक्षिका आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडम येतात. एक नववीतली मुलगी त्यांच्याकडे रडून आली पण काय झालं ते मॅडम सांगत नाहीत, मुख्याध्यापक चिडलेत की पगार शाळा देते. कोण बरोबर?

उत्तर: मॅडम. पगार शाळा देते म्हणून मुलीचं गुपित शाळेचं होत नाही. जिवाला धोका असेल तर ते सांगावंच लागतं, आणि लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर पॉक्सो कायद्याने, २०१२ च्या, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्तता चालत नाही. त्या सांगत नाहीत याचा अर्थ बहुतेक यातलं काही नाही. तुम्ही त्यांना एवढंच विचारा की 'वर्गात मी तिच्यासाठी काय करू', याचं उत्तर त्या आनंदाने देतील. मुख्याध्यापकांना हेही सांगा की जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट नेमावा असं म्हटलंय, तेव्हा मॅडमना दुखवून घालवलंत तर दुसऱ्या शोधाव्या लागतील आणि आपल्या भागात त्या मिळता मिळत नाहीत.

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याची, टीवायबीए सायकॉलॉजी. मला क्लिनिकल करायचंय. ऑनलाइन तीन महिन्यांचा 'सर्टिफाइड थेरपिस्ट' कोर्स दिसला, करू का?

उत्तर: नको गं. तीन महिन्यांत सर्टिफिकेट मिळेल, पेशंट हाताळायला नाही येणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर १९९२ च्या कायद्याखालच्या आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, रजिस्टरमध्ये नाव लागतं. आमच्या वेळी रस्ता सरळ होता, एमए आणि मग दोन वर्षं एम.फिल., वॉर्डात उभं राहून, केस लिहून सरांच्या शिव्या खात. आता नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद, क्लिनिकलला २०२५-२६ पर्यंतच मुदत होती, आणि त्या जागी आरसीआयचे नवे कोर्स येतायत. शाळेत काम आवडत असेल तर स्पेशल एज्युकेशनचं बी.एड. बघ, तेही आरसीआयचं, आणि वर पहिल्या प्रश्नातल्या पोराला खरी गरज त्याचीच आहे. कोणी काहीही सांगो, फी भरायच्या आधी आरसीआयच्या साइटवर कॉलेजचं आणि कोर्सचं नाव स्वतः शोध. सापडलं नाही तर पैसे भरू नको.