५२ हजार युरोंत चौघांचा संसार: श्टुटगार्टला जावं का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ११ वर्षं डिझाइन इंजिनिअर. हातात महिन्याला १,०५,००० रुपये येतात. पत्नी अकाउंट्सचं काम करते, तिला ३८,००० मिळतात. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर ४२ लाखांचं कर्ज शिल्लक आहे, हप्ता ४१,०००. साताऱ्याला आईवडिलांना दरमहा १२,००० जातात. सगळं भागून महिन्याला ३५,००० मागे पडतात. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ६ लाख. जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला ५२,००० युरोंची ऑफर आहे. मार्च ते मे यात कधीही रुजू व्हायचं. तिकिटं आणि एक महिन्याचं राहणं कंपनीकडून. तिकडच्या एका सहकाऱ्याने चौघांसाठी १,५०० युरो भाडं सांगितलंय. "एवढ्या पगारात चौघांचं भागेल का? मित्र म्हणतात, आधी वर्षभर एकटा जा."

नमस्कार,

तुमच्या पत्रात एका ठिकाणी '५२ लाखांचं पॅकेज' असं लिहिलंय. तो आकडा आधी मनातून काढून टाका. युरोचे सोयीसाठी १०० रुपये धरले, तरी तुम्हाला भाडं, किराणा, बसचा पास सगळं युरोतच भरायचंय. ५२,००० युरो हा जर्मनीत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांच्या मधल्या पगाराच्या आसपासचा पगार आहे. वाईट नाही, पण श्टुटगार्टसारख्या महागड्या भागात ऐसपैसही नाही. २०२५ च्या नियमांनुसार ब्लू कार्डासाठी, म्हणजे युरोपबाहेरच्या उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यासाठी, लागणाऱ्या ४८,३०० युरोंच्या वर तो बसतो, ही त्यातली चांगली गोष्ट. ब्लू कार्डवाल्याच्या पत्नीला जर्मन येत नसली तरी व्हिसा मिळतो आणि पोचल्या दिवसापासून नोकरी करता येते.

आता हातात काय पडेल ते बघू. महिन्याचे ४,३३३ युरो. त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा मिळून सुमारे ९०० जातात. उरलेल्यावर कर किती, हे मात्र तुमचं कुटुंब कुठे राहतं यावर ठरतं. मित्रांच्या सल्ल्यात नेमकी हीच बाजू सुटली आहे.

पत्नी जर्मनीत तुमच्याबरोबर राहत असेल आणि कमावत नसेल, तर तुम्हाला कमी कर कापणारा तिसरा करवर्ग मिळतो आणि हातात ३,१०० च्या आसपास येतात. त्यावर दोन मुलांचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, २०२५ च्या दराने प्रत्येकी २५५, म्हणजे आणखी ५१०. शिवाय सरकारी आरोग्य विम्यात पत्नी आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. कुटुंब पुण्यात असेल तर करवर्ग पहिला, हातात २,८०० च्या जवळपास, आणि भारतात राहणाऱ्या मुलांना किंडरगेल्ड नाही. म्हणजे कुटुंब सोबत आलं की महिन्याला ८०० युरोंचा फरक तुमच्या बाजूने पडतो. बायकामुलांना नेणं म्हणजे नुसता खर्च, असं जर्मनीच्या बाबतीत म्हणता येत नाही.

तरीही निव्वळ शिलकीचा विचार केला तर एकट्याचं जाणं पुढे राहतं, हे लपवण्यात अर्थ नाही. एकट्याला भाड्याची खोली, जेवण, पास धरून १,५०० युरो पुरतात. उरलेल्या १,३०० युरोंतून, म्हणजे १,३०,००० रुपयांतून, पुण्याचं घर चालायला पत्नीच्या पगारावर आणखी ७०,००० लागतील. ६०,००० शिल्लक राहतील. आज राहतात त्याच्या पावणेदोन पट.

चौघांचा हिशेब असा. आवक ३,६१०. भाडं १,५००, हे 'वार्म' भाडं आहे ना, याची खात्री करून घ्या. वार्म म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. नुसतं 'काल्ट' असेल तर वर तीनशेची भर पडते. आपल्या टू बीएचकेला तिकडे तीन खोल्यांचं घर म्हणतात, तेव्हा जाहिरात वाचताना गोंधळू नका. वीज ९०, इंटरनेट आणि दोन मोबाइल ६०, घरटी सक्तीचं रेडिओ-टीव्ही शुल्क १८, किराणा ७००, येणंजाणं १२०. मुलाच्या बालवाडीचे, म्हणजे किटाचे, २५० धरलेत. बर्लिनमध्ये किटा जवळपास फुकट आहे, श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये पैसे लागतात आणि गावागणिक आकडा बदलतो. मुलीची सरकारी शाळा विनाशुल्क. कपडे, दुपारचं जेवण, लायबिलिटी विमा, बारीकसारीक मिळून ३००. बेरीज सुमारे ३,०४०, शिल्लक ५७०.

५७० युरो म्हणजे ५७,००० रुपये. आणि पुण्याचा हप्ता अधिक साताऱ्याचे पैसे म्हणजे ५३,०००.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच: श्टुटगार्टमधला संसार या पगारात नीट चालेल. ओढाताण होईल ती पिंपळे सौदागरच्या हप्त्यापायी. जर्मनीतला मध्यमवर्गीय माणूस हा पगार एका घरावर खर्च करतो, तुम्ही त्यात दोन घरं बसवायला निघाला आहात.

फ्लॅट विका असं मी म्हणणार नाही. पहिल्या दोन वर्षांत परत यायची वेळ आली तर डोक्यावर छप्पर हवं. भाड्याने द्या. २२,००० भाडं येईल असं धरू. पण तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने दरमहा भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, आणि पुढे नोटीस आली की वाद होतात. भाडेकरारातच हे लिहून घ्या. म्हणजे हातात १५,१०० येतील, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३,५०० गेला की ११,६००. कर्जाचं व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात तुमचा कर शून्याजवळ येईल, तेव्हा रिटर्न भरून वर्षाचे ८०,००० च्या वर परत मिळवता येतात. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढलंत तर ते पैसे अडकणारही नाहीत. बँकेशी बोलून कर्जाची मुदत २० वर्षांवर नेली तर साडेआठ टक्के दराने हप्ता साडेछत्तीस हजारांवर येतो. एरवी मुदत वाढवायला मी कधीच सांगत नाही. इथे सांगतोय, कारण पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला व्याज वाचवण्यापेक्षा मोकळा श्वास जास्त गरजेचा आहे.

एवढं केल्यावर वर्षाला तीन लाखांच्या आसपास उरतील. चौघांनी एकदा घरी येऊन जायचं तर तिकिटांतच अडीच-तीन लाख जातात. म्हणजे पत्नीला काम मिळेपर्यंत तुमची बचत शून्य. आज दरमहा ३५,००० मागे टाकणारं तुमचं घर दोन वर्षं तरी काहीच मागे टाकणार नाही. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा.

पहिल्या काही महिन्यांचा खर्च तुम्ही पत्रात धरलेलाच नाही. घरमालक तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो. १,२०० धरले तर ३,६००. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे लक्षात ठेवा. मग स्वयंपाकघर. जर्मनीत पुष्कळ घरं ओटा, सिंक, शेगडीशिवाय मिळतात, भिंतीतून पाण्याचा पाइप तेवढा बाहेर आलेला असतो. जुनं स्वयंपाकघर विकत घेऊन बसवलं, गाद्या, टेबल, फ्रिज, वॉशिंग मशीन घेतलं की ४,००० जातात. मधल्या काळातलं फर्निश्ड घर २,५००. व्हिसा, कागदपत्रांची भाषांतरं, थंडीचे कपडे, पहिल्या महिन्याचं जेवणखाण १,५००. एकूण साडेअकरा लाख रुपये. तुमच्या १५ लाखांतून हे गेले की साडेतीन लाख उरतात. चौघांचा तिथला जेमतेम एक महिना.

मला सगळ्यात जास्त काळजी या एका महिन्याची वाटते. श्टुटगार्टच्या आसपासच्या वाहनउद्योगात सध्या मोठी नोकरकपात चालू आहे. पहिले सहा महिने तुम्ही प्रोबेशनवर असाल, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. बेरोजगारी भत्ता मिळायला निदान १२ महिन्यांची वर्गणी भरलेली लागते. आणि पहिल्या दोन वर्षांत नोकरी गेली तर ब्लू कार्डावर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात. अशा वेळी मुलांना शाळेतून काढून परत यायचं, आणि पत्नीने पुण्यातली नोकरी सोडलेली. हा धोका कमी करता येतो, आणि त्याचा उपाय तुमच्या ऑफरमध्येच आहे.

मे महिना सोडा, मार्चला रुजू व्हा. एकटे जा, पण वर्षभरासाठी नाही, सहा महिन्यांसाठी. ऑगस्टअखेर प्रोबेशन संपतं. तिथली शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. मुलगी इकडचं वर्ष एप्रिलमध्ये पूर्ण करेल. पत्नीचा पगार तोवर चालू राहील. घरमालक पगाराच्या तीन स्लिपा मागतात, त्या तुमच्याकडे असतील. आल्याआल्या घर शोधणाऱ्याकडे त्या नसतात, म्हणून तो मिळेल ते महाग घर घेतो. या सहा महिन्यांत, सुरुवातीचा खर्च वजा जाता, तीन लाख तरी साठतील. कुटुंब त्याच वर्षात तिथे राहायला आलं, तर वर्षाचं विवरणपत्र भरताना पतिपत्नीचा एकत्र हिशेब मागता येतो आणि पहिल्या वर्गाने जास्त कापलेल्या करातला काही भाग परत मिळतो. मित्रांचं ऐकून पूर्ण वर्ष थांबलात तर त्या वर्षाची ही संधी जाते.

पूर्ण वर्ष न थांबण्याचं माझं खरं कारण मात्र मुलगी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते, आणि त्यानंतर मूल कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाणार हे ठरतं. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात, पण नवव्या वर्षी आलेल्या मुलाला जे सावरून घेता येतं ते अकराव्या वर्षी अवघड जातं. इंटरनॅशनल शाळेचा पर्याय या पगारात नाही, त्याचा विचारही करू नका.

पैशाच्या बाजूने आणखी एक राहिलं. ११ वर्षांची ग्रॅच्युइटी तुम्ही मोजलेली नाही. मूळ पगार ५०,००० धरला तर ती ३,१७,००० होते. १५ लाख, ही ग्रॅच्युइटी आणि सहा महिन्यांचे तीन लाख मिळून एकवीस. त्यातून साडेअकरा गेले तर साडेनऊ लाखांच्या वर उरतात. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांचं बळ. कंपनीकडे स्थलांतराचे ३,००० युरो आणि आणखी एक महिन्याचं राहणंही मागा. सही करण्याआधी मागितलं तर बरेचदा मिळतं, नंतर कोणी देत नाही. पीएफला हात लावू नका.

आईवडिलांचा मेडिक्लेम आज तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असेल तर तुमच्या शेवटच्या दिवशी तो संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज राजीनामा मंजूर होण्याआधी टाका, म्हणजे जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही. त्याचा हप्ता वर उरलेल्या तीन लाखांतूनच जाईल, आणि त्या वर्षी तिकिटं कदाचित दोघांचीच निघतील. साताऱ्याला काही झालं तर श्टुटगार्टहून पोचायला दीड दिवस जातो. निदान इस्पितळाच्या पैशांसाठी कुणाकडे हात पसरावा लागू नये.

आता मुद्द्याचं. तुमच्या दोन पानी पत्रात पत्नीचा पगार आहे, पण तिला काय वाटतं हे एका ओळीतही नाही. माझ्या हिशेबात मात्र सगळं तिच्यावर येऊन थांबतं. ती घरी राहिली तर तुम्ही काठावर राहता. तिने मिनीजॉब, म्हणजे महिन्याला ५५६ युरोंपर्यंतची (ही २०२५ ची मर्यादा) छोटी नोकरी, घेतली तरी तुमची शिल्लक जवळपास दुप्पट होते. अकाउंट्सच्या कामात परतायचं असेल तर जर्मन भाषेची बी-१, म्हणजे मधली पातळी आणि त्याच्या पुढे लागेल. त्याला घर आणि लहान मूल सांभाळून दीडेक वर्ष धरा. तेवढा काळ स्वतःची कमाई नसणं, हातखर्चालाही नवऱ्याकडे मागणं, परक्या भाषेत डॉक्टरला मुलाचा ताप समजावून सांगणं, हे तिच्या वाट्याला येणार आहे, तुमच्या नाही. ती मनापासून हो म्हणत असेल तर ऑफर घ्या, माझा पाठिंबा आहे. ती तुमच्यासाठी म्हणून हो म्हणत असेल तर घेऊ नका. ५७० युरोंच्या शिलकीत एक नाराज माणूस सांभाळायची ताकद नसते.

या रविवारी दोघं मिळून हा कागद समोर ठेवून बसा आणि आकडे तिला स्वतःला तपासू द्या, हिशेब तिचं रोजचं काम आहे. हो ठरलं तर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या ए-१ या पहिल्या पातळीच्या वर्गाला दोघांचीही नावं घाला, तिचं आधी.