ऑटोमॅटिक गाडी आळसावली: गिअरबॉक्स उघडायचा की गाडी बदलायची?

प्रश्न: आम्ही बोरिवली पूर्वेला, मागाठाण्याजवळ राहतो. २०१२ची पेट्रोल सेडान आहे, पाच गिअरची ऑटोमॅटिक (टॉर्क कन्व्हर्टर), ८२,००० किलोमीटर झालेली. दोन महिन्यांपासून सकाळी ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलतच नाही आणि हायवेवर दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना रेंगाळते. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून गिअरबॉक्स ओव्हरहॉलचे १ लाख ३५ हजार सांगितले. एक्स्चेंजला १ लाख ४० हजार मिळतायत. नवी छोटी ऑटोमॅटिक सेडान रस्त्यावर येईपर्यंत १० लाख ६० हजारांना पडेल. एक्स्चेंजचे पैसे, ३ लाखांच्या एफडीतले १ लाख २० हजार आणि बाकी ८ लाखांचं कर्ज, असा विचार आहे. घरखर्च महिना ७५ हजार. ऑफिसला मेट्रोने जातो; गाडी महिन्याला साडेतीनशे किलोमीटर चालते, मुख्यतः आईच्या फिजिओथेरपीसाठी आणि सुट्टीच्या दिवशी. मुलाची यंदा बारावी. काय करावं?

उत्तर: ओव्हरहॉलला होकार देऊ नका, आणि एफडीही मोडू नका. निदान दोन आठवडे तरी. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं तेल पाहिलं का, स्कॅनर लावला का, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. एका चकरेत ओव्हरहॉल ठरत नसतो. तुम्ही ज्या दोन रकमांमध्ये अडकला आहात, त्या दोन्ही न झालेल्या निदानावर उभ्या आहेत. आधी हजार-दीड हजार तपासणीवर घाला.

सुरुवात स्वतःच करता येईल. गाडी रेंगाळते तेव्हा आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा (गाडी चालवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, काटा तुम्ही बघा). दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना काटा एकदम हजार-बाराशेने वर उसळतो आणि वेग मात्र तेवढाच राहतो, असं असेल तर आतल्या क्लच प्लेट घसरतायत. तेल कमी असणं, तेलाचा दाब कमी पडणं किंवा प्लेटचं अस्तर जळणं, यांपैकी काहीतरी आहे. काटा उसळत नाही, गाडी नुसतीच जड वाटते, तर दोष गिअरबॉक्सचा नसण्याचीही चांगली शक्यता आहे. तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले स्पार्क प्लग, मळलेली थ्रॉटल बॉडी, चोंदलेला कॅटलिटिक कन्व्हर्टर किंवा चाकाला चिकटून राहणारा ब्रेक यांनीही पिकअप मरतो. दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक आधी दुरुस्त करून घ्या.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा वॉल्व्ह) उघडा राहून अडकला असेल, तर इंजिन नीट तापत नाही. मग गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिन थंडच आहे असं समजून वरचा गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे त्याचं इंजिनशी थेट जोडलं जाणं, रोखून धरतो. काही शे रुपयांचा हा भाग न तपासता गिअरबॉक्सला दोष देणं फार सोपं आहे.

गाडी सुरुवातीपासूनच तिसऱ्या गिअरमध्ये निघाल्यासारखी जड वाटते आणि गिअर बदलतच नाहीत, असं कधी होतं का तेही पाहा. काही विद्युत दोष सापडला की कॉम्प्युटर गिअरबॉक्सला वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये ठेवतो. अशा वेळी डॅशबोर्डवर ‘डी’चा दिवा लुकलुकतो किंवा इंजिनचा दिवा लागतो. उलट फक्त सिग्नलवरून निघताना मरगळ आणि साठच्या वेगाला सगळं ठीक, असं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला एकदिशा क्लच संशयित ठरतो. त्यासाठी मेकॅनिक स्टॉल टेस्ट करेल: ब्रेक घट्ट दाबून, ‘डी’मध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर, पाच सेकंदांहून जास्त नाही. आरपीएम ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर क्लच घसरतोय, खूप खाली राहिला तर इंजिन किंवा कन्व्हर्टर कमजोर आहे. ही चाचणी सोसायटीच्या आवारात स्वतः करू नका. तेल काही सेकंदांत भयंकर तापतं आणि ब्रेक सुटला तर गाडी समोरच्या भिंतीत जाईल.

आता तेलाकडे या, कारण तुमच्या लक्षणांत मला सर्वात जास्त संशय तेलाचाच आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल थोडं खाली उतरतं. पातळी कमी असेल किंवा आतली रबरी सील कडक झाली असतील, तर सकाळी क्लचपर्यंत दाब पोहोचायला दोन-तीन सेकंद लागतात. तुमची तक्रार नेमकी सकाळचीच आहे. पातळी कशी मोजायची ते मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत गरम इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात, आणि काहींना डिपस्टिकच नसते, बाजूच्या बोल्टमधून पाहावं लागतं. पद्धत चुकली तर आकडाही चुकतो.

पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब घ्या. लालसर, पारदर्शक तेल चांगलं. तपकिरी पण जळका वास नसलेलं तेल जुनं झालेलं असतं. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर प्लेटचं अस्तर जळलंय. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, एकतर रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून किंवा पावसात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी गाडी पाण्यात अडकल्याने. पातळी कमी भरली तर गळती शोधा. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही, कमी झालं म्हणजे कुठूनतरी गेलंच आहे. ड्राइव्हशाफ्टची सील आणि कूलरचे पाइप या दोन जागा आधी पाहाव्यात.

स्कॅन करताना साधा इंजिनचा स्कॅनर पुरत नाही, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा हवा. पी ०७०० हा कोड म्हणजे नुसती ‘गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे’ अशी सूचना असते, त्याच्यासोबतचा दुसरा कोड महत्त्वाचा. पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, अर्थात घसरण. पी ०७४१ म्हणजे लॉकअप लागत नाही. सोलेनॉइडच्या (तेलाची वाट विजेने उघडबंद करणारे वॉल्व्ह) सर्किटचे कोड आले तर आधी वायर, अर्थिंग आणि बॅटरी तपासायला लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या जोडावर गंज चढतो, आणि व्होल्टेज पडलं की सोलेनॉइड वेड्यासारखे वागतात. कोडची प्रिंट किंवा फोटो मागून घ्या. तो तुमच्याकडे राहायला हवा.

तेल नुसतं तपकिरी असेल आणि घसरण सौम्य असेल, तर तेल बदलून पाहणं हा पहिला खर्च. गिअरबॉक्समध्ये एकूण सहा लिटर धरा. खालचा बोल्ट काढल्यावर त्यातलं साधारण अडीच लिटरच बाहेर येतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणजे एका वेळी जेमतेम ४२ टक्के तेल नवं होतं. मध्ये थोडी गाडी चालवून तीनदा बदललं तर सुमारे ८० टक्के. साडेसात लिटर तेल, दर वेळी बोल्टचा नवा वॉशर आणि मजुरी मिळून दहा-बारा हजारांत काम व्हावं. तेल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं हवं: होंडाला डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्यांना एसपी-३. ‘सगळ्यांना चालतं’ असं सांगणाऱ्या डब्यावर पैसे वाचवू नका, आणि सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणारी, ठरलेले गिअर नसलेली ऑटोमॅटिक) तेल तर यात कधीच नाही. मशीनने फ्लश करायला नकार द्या. जुना गाळ सुटून वॉल्व्ह बॉडीच्या (क्लचकडे तेल वाटणारा भाग) बारीक वाटांत अडकतो. बोल्टच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा धातूचे तुकडे दिसले, तर मात्र तिथेच थांबा, दुसऱ्या बदलाचे पैसे वाचवा. जळलेलं अस्तर नव्या तेलाने परत येत नाही.

आता किती खर्चापर्यंत जायचं. जुनी गाडी आणखी दोन वर्षं ठेवली तर दरमहा काय पडेल ते मोजू. विमा आणि सर्व्हिसिंग वर्षाला २४ हजार, म्हणजे महिना २,०००. साडेतीनशे किलोमीटरला दहाच्या मायलेजने ३५ लिटर पेट्रोल, १०४ रुपयांनी ३,६४०. दोन वर्षांत गाडीची किंमत १ लाख ४० हजारांवरून ९० हजारांवर येईल असं धरलं तर महिना २,०८३. त्यात १२ हजारांची दुरुस्ती दोन वर्षांवर पसरली तर ५०० रुपये. एकूण सुमारे ८,२००. दुरुस्ती ४० हजारांची (सोलेनॉइड किंवा वॉल्व्ह बॉडी) असेल तर ९,४००. ओव्हरहॉल केला तर १३,३०० च्या वर.

तेवढंच अंतर टॅक्सीने, किलोमीटरला २५ रुपये धरून, ८,७५० रुपयांत होतं. यावरून दुरुस्तीची मर्यादा ठरते: ४० हजार, कारण तोवर महिन्याला टॅक्सीपेक्षा साडेसहाशेच जास्त जातात. त्याच्या पुढे गेलात तर स्वतःच्या गाडीची सोय टॅक्सीपेक्षा बरीच महाग पडते. ओव्हरहॉल तर गाडीच्या आजच्या किमतीएवढाच आहे, आणि विकताना त्यातले फारच थोडे वसूल होतील. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना गिअरबॉक्स स्वस्तात मिळू शकतो, पण तो कोणत्या गाडीतून निघाला, पाण्यात बुडालेली होती का, हे कळायला मार्ग नाही. गिअरबॉक्सचा कोड जुळतोय आणि निदान तीन महिन्यांची लेखी हमी आहे, या दोन अटींशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

नव्या गाडीचं गणित तुम्हाला टोचेल, पण ते पाहायला हवं. ८ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १६,८०० रुपये, एकूण व्याज २ लाख ८ हजार. विमा आणि पेट्रोल धरून दरमहा २१-२२ हजार खिशातून जातील. त्याहून मोठी गोष्ट एफडीची. आज ३ लाख म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च. १ लाख २० हजार काढले की उरतात १ लाख ८० हजार, आणि महिन्याचा खर्च हप्त्यासह ९१,८०० होतो. चार महिन्यांची शिदोरी दोन महिन्यांच्याही आत येते, तीही मुलाच्या प्रवेशाची फी समोर असताना आणि आईंचे उपचार चालू असताना. माझा विरोध या एका कारणासाठी पुरेसा ठाम आहे. दुरुस्तीसाठी रोख कमी पडली तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतो आणि फेडलात की एफडी जशीच्या तशी.

घाईचं कारणही नाही. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के झाला, तो काही सणापुरता देकार नव्हता. जाता जाता एक: या किमतीच्या छोट्या सेडानमध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे पुष्कळदा एएमटी (साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) असते. दुरुस्ती स्वस्त, पण तुमच्या सध्याच्या गिअरबॉक्सइतकी गुळगुळीत नाही. बुकिंगआधी संध्याकाळच्या गर्दीत हायवेवर चालवून बघा.

क्लच जळल्याचंच निष्पन्न झालं, तर गाडी विका आणि बारावीचा निकाल व प्रवेश होईपर्यंत टॅक्सीवर राहा. ऑफिसची सोय मेट्रोने झालेलीच आहे. आईंच्या फेऱ्यांसाठी एकच ओळखीचा चालक ठरवून ठेवा. हप्त्यासाठी काढणार होता त्यातले महिना १० हजार रिकरिंगमध्ये टाका. वर्षभरात १ लाख २० हजार जमतात, म्हणजे एफडीतून काढणार होता तेवढेच.

विम्याबद्दल: झीज किंवा यांत्रिक बिघाडाचे पैसे पॉलिसी देत नाही, झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारी) असली तरी. तेलात पाणी निघालं आणि तुमच्याकडे इंजिन-गिअरबॉक्सचं जोडकव्हर असेल, तर काहीही उघडण्याआधी कंपनीला कळवा. २०२७मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. तेव्हा आरटीओची फिटनेस तपासणी, नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि पर्यावरण कर येईल. नोंदणी मग आणखी पाच वर्षांसाठी वाढते. ४० हजारांची दुरुस्ती करण्याआधी फ्लोअर आणि चेसिसचा गंज लिफ्टवर चढवून पाहून घ्या, कारण गंज खाल्लेल्या गाडीत चांगला गिअरबॉक्स फुकट जातो.

विकायची वेळ आलीच तर गिअरबॉक्सचा दोष घेणाऱ्याला आधीच सांगा. १ लाख ४० हजार हा आकडा गाडी रस्त्यावर न चालवता दिलेला असेल, तर तो नंतर उतरेल; २५-३० हजार कमी धरूनच हिशोब करा. फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे आरटीओचे अर्ज) सह्या करून गाडी दिली म्हणजे सुटलो असं नाही, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर झाल्याची पावती हातात येईपर्यंत जबाबदारी तुमची. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा आणि नो क्लेम बोनसचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, पुढच्या गाडीच्या विम्यात कामाला येईल.