ध्रुवीय प्रदेशात शेती नाही, कारखाने नाहीत; मग तिथल्या हवेत कीटकनाशके कशी सापडतात?

ही रसायने तिथे हवेतून पोहोचतात. आमच्या सोलापूर भागात पूर्वी ज्वारीवर आणि कपाशीवर बीएचसी ही कीटकनाशक पावडर सर्रास धुरळली जात असे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की जमिनीत उरलेल्या अशा रसायनाची हळूहळू वाफ होते, ती वाऱ्याबरोबर दूर जाते, थंड प्रदेशात पुन्हा जमिनीवर किंवा पाण्यात उतरते, आणि असे टप्पे घेत घेत त्यातला काही अंश थेट आर्क्टिकपर्यंत जातो. तिथल्या थंडीत विघटन फारच मंद असल्याने तो वर्षानुवर्षे टिकतो.

आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील झेपेलिन या हवा-तपासणी केंद्रात पंपाने हवा खेचून ती फिल्टर आणि फोममधून गाळतात. त्यात अडकलेले प्रमाण पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात, मोजले जाते. हे अत्यल्प वाटले, तरी चरबीत साठत साठत सील आणि ध्रुवीय अस्वलांच्या शरीरात त्याची पातळी चिंताजनक होते.

भारतात बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील 2001 च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानंतर इतर देशांतही निर्बंध वाढले, आणि आर्क्टिकच्या हवेतील अनेक जुन्या कीटकनाशकांचे प्रमाण घटले. मात्र तापमानवाढीने समुद्रावरचा बर्फ वितळतो आहे आणि पूर्वी साठलेली रसायने पुन्हा हवेत येत आहेत. मला हीच बाब सर्वाधिक गंभीर वाटते.