ऑफिसातला गिट सर्व्हर: सुरुवातीला एवढं सांभाळा

सातपूरच्या ऑफिसात पाच-सहा जणांसाठी गिट सर्व्हर (कोड आणि त्यातले बदल एका जागी जपणारं मशीन) उभा करताय, तर गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. ते उत्तम आहे, पण मेमरी फार खातं. त्याच कामाचं हलकं सॉफ्टवेअर गिटी किंवा 2022 मध्ये त्यातून वेगळं झालेलं फोर्जेयो घ्या. 1 जीबी रॅमचं जुनं मशीनही पुरतं. डेटाबेस एसक्यूलाइटच (एकाच फायलीत राहणारा साधा डेटाबेस) राहू द्या.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे सेटिंगमधला रूट यूआरएल (सर्व्हरचा पत्ता) 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशीन', तसाच ठेवणं. तुमच्याकडे सगळं छान दिसतं, पण शेजारच्याने क्लोनची (कोडची प्रत उतरवून घ्यायची) लिंक कॉपी केली की ती त्याच्याच मशीनकडे जाते आणि कनेक्शन नाकारलं जातं. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पक्का करा आणि तोच रूट यूआरएलमध्ये लिहा, पोर्ट 3000 सकट.

- नवी नोंदणी बंद ठेवा.
- डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर डेटा व्हॉल्यूममध्येच, म्हणजे कंटेनरबाहेरच्या जागेत, हवा. नाहीतर कंटेनर पुसला की कोडही गेला.
- दुपारी लाइट जाते, छोटा यूपीएस लावाच.

बॅकअपसाठी रोज रात्री डंप कमांड (सगळ्या डेटाची एक झिप बनवणारी) चालवा, झिप दुसऱ्या डिस्कवर न्या. गिटीत परत आणायची तयार कमांड नाही, फायली हाताने जागेवर ठेवाव्या लागतात. म्हणून या आठवड्यातच रिकाम्या मशीनवर एकदा करून बघा. रनर (कोडच्या चाचण्या आपोआप चालवणारा प्रोग्राम) वगैरे नंतर बघू.