शाल नको म्हणणारे काका

प्रश्न : पुण्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची मी सभासद आहे. आमचे एक वयस्कर काका चाळीस वर्षांहून अधिक काळ दर रविवारी उपासनेच्या तासभर आधी येऊन चर्चचे दार उघडतात, बाके पुसतात, गीतांचे क्रमांक फळ्यावर लावतात. काकू प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत भाकर व द्राक्षरस देण्याच्या विधीचे, पेले आणि मेजावरचे पांढरे कापड सांभाळतात. येत्या वर्धापनदिनी शाल, श्रीफळ व मानपत्र देऊन दोघांचा सत्कार करण्याचे कमिटीने ठरवले. परंतु उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे म्हणून त्यांनी नकार दिला. त्यांचा शब्द राखावा, की मंडळीच्या इच्छेला मान द्यावा?
— एक वाचक, वानवडी

उत्तर : त्यांचा शब्द राखावा. आपल्याकडे ‘नको, नको’ म्हणणे हा सत्काराचाच पहिला विधी होऊन बसल्यामुळे खरे ‘नको’ कानांवर पडले तरी ओळखू येत नाही. काकांचे मात्र खरे दिसते.

तरीही त्यांनी दिलेला आधार तपासून पाहण्याजोगा आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील ते वचन दानधर्माविषयी असून, लोकांनी वाहवा करावी म्हणून आपल्यापुढे कर्णा वाजवणाऱ्यांच्या संदर्भात आले आहे. ते देणाऱ्याच्या हाताला सांगितले आहे, घेणाऱ्याच्या तोंडाला नव्हे. बायबलमधीलच रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढून पाहावा. तेथे प्रेषित पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, मरिया आणि पर्सिस यांनी फार श्रम केल्याचे नावानिशी नोंदवतो, आणि ज्याच्या हातून ते पत्र लिहिले गेले त्या तर्तियसाचाही सलाम त्यात येतो. यापो येथील दानधर्म करणारी शिष्या टबीथा वारली तेव्हा तर विधवांनी तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रेच प्रेषित पेत्रापुढे मांडून दाखवली. मला ही रीत मानपत्रापेक्षा अधिक भावते, कारण मानपत्रातील ‘अविरत, निःस्वार्थ सेवा’ हे शब्द कोणालाही लागू पडतात. अंगरखा मात्र तिनेच शिवलेला असतो.

पुण्यात १८९० सालचे पंच हौद मिशनमधील चहाचे प्रकरण ठाऊक नाही असा वाचक विरळा. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा तो चहा घेण्यावरून टिळक-रानड्यांना केवढा वाद सोसावा लागला, हे आपण अजून चवीने सांगतो. पण चहा उकळला कोणी आणि मागाहून कपबशा विसळल्या कोणी, हे माझ्या तरी वाचनात कधी आलेले नाही. मंडळ्यांच्या इतिहासातही बहुधा असेच होते. स्मरणिकेत पाळकसाहेबांची (मंडळीच्या धर्मगुरूंची) नावे व कार्यकाळ ओळीने छापले जातात, किल्ली सांभाळणारा मात्र समूहछायाचित्रातील मागच्या रांगेत उरतो.

म्हणून सत्काराऐवजी कमिटीतील दोघांनी एखाद्या संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या घरी बसावे आणि कामाबद्दल विचारावे. पावसाळ्यात कोणत्या खिडकीखालचे बाक सरकवावे लागते, पेटीची कोणती पट्टी अडकते, अंथरुणाला खिळलेल्या कोणत्या सभासदाकडे प्रभुभोजन घेऊन जाताना पाळकसाहेबांसोबत कोणीतरी असावे लागते, मेजावरच्या कापडावरील द्राक्षरसाचा डाग काकू कशाने काढतात, हे सर्व त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे, आणि वार्षिक अहवालात छापायचे झाल्यास आधी त्यांना वाचून दाखवावे. प्रशंसा नको म्हणणारा माणूस कामाची माहिती सहसा नाकारत नाही, उलट आपण चुकीचे लिहिले तर दुरुस्त करतो.

तरुण संघातील दोघांना पुढील काही रविवार काकांच्या हाताखाली पाठवावे. मात्र ‘आता तुम्ही विश्रांती घ्या’ असे म्हणून त्यांच्या हातचे काम काढून घेऊ नये, कारण असे शब्द बहुतेकदा सत्कारातच उच्चारले जातात आणि काकांना भीती कदाचित त्यांचीच असेल. चर्चच्या किल्लीची दुसरी प्रत नसेल, तर ती मात्र काकांना विचारून याच आठवड्यात करून घ्यावी.